वादी रममध्ये घोड्यावरून: कागदपत्रांपासून खोगीर उतरेपर्यंत

वादी रम जॉर्डनच्या दक्षिण टोकाला आहे. अकाबा बंदरापासून साधारण ६० किलोमीटर, अम्मानहून मोटारीने चार तास. लाल वाळूच्या रुंद दऱ्या, त्यांतून सरळ उभे राहिलेले वालुकाश्माचे कडे आणि मध्ये मध्ये जेमतेम घोडा जाईल एवढ्या खिंडी, असा हा मुलूख २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक लोक जीपमधून चार तासांत तो बघतात आणि पेट्रा या कातळात कोरलेल्या प्राचीन शहराची वाट धरतात. घोड्यावरून काही दिवस फिरायचं ठरवलं की मराठीत माहिती जवळजवळ सापडत नाही. म्हणून आम्ही काय केलं, कशाला किती वेळ लागला आणि काय सांभाळावं लागलं, ते घडलं त्या क्रमाने लिहीत आहे.

हंगाम आधी ठरवावा. मार्च ते मेचा मध्य आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात हे दोनच काळ घोड्यांना मानवतात. उन्हाळ्यात दुपारी वाळूवर पाय ठेवता येत नाही. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि पावसात या दऱ्यांत अचानक लोंढे येतात. आम्ही ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरला आणि चौकशीला जूनमध्ये सुरुवात केली. रमझान त्या वर्षी कधी येतोय तेही बघून ठेवा. वाटाड्यांचा रोजा असताना दिवसभर उन्हात स्वारी करवून घेणं त्यांच्यावर अन्याय आहे.

चौकशीच्या मेलमध्ये आम्ही मोजके प्रश्न विचारले. घोडे किती, त्यांना सफरींच्या मध्ये विश्रांती किती, सोबत जीप असते का, रोज किती तास खोगिरावर, आणि वजनाची मर्यादा काय. उत्तरं यायला आठवडा लागला. यातला वजनाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथले घोडे अरबी किंवा अरबी रक्ताचे, अंगाने लहान, साधारण ४०० किलोचे. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओझं रोज वाहू नये असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे ८० किलो. त्यात खोगीर, पाण्याच्या बाटल्या आणि पिशवी मिळून दहा-बारा किलो जातात. उरलं ते स्वाराचं. बऱ्याच कंपन्या ८५-९० किलोपर्यंतचा माणूस घेतात, पण मग त्यांच्याकडे थोराड घोडा आहे का हे विचारून घ्यावं. वजन विचारतच नाहीत अशांकडे जाऊ नये. घोड्याच्या पाठीची फिकीर नसलेला माणूस तुमची फिकीर करेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

भाव ठरवताना एक लक्षात ठेवा. गटात माणसं कमी असली की दर माणशी रक्कम चढते, कारण जीप, चालक, पाणी आणि चारा यांचा खर्च तेवढाच राहतो. आमच्याकडून काही रक्कम आगाऊ घेतली, बाकीची तिथे रोख दिनारमध्ये द्यायची होती. कशाकशाचे पैसे धरले आहेत ते लेखी मागून घ्या: गावापर्यंतची ने-आण, पिण्याचं पाणी, झोपायची गादी आणि जाडजूड पांघरूण, हेल्मेट. रद्द झाल्यास पैसे परत कसे मिळणार तेही.

व्हिसापेक्षा आधी ‘जॉर्डन पास’ समजून घ्यावा. तो ऑनलाइन मिळतो, किंमत ७०, ७५ किंवा ८० दिनार. फरक फक्त पेट्रात एक, दोन की तीन दिवस यावर. जॉर्डनला जाण्याआधी पास घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचे ४० दिनार माफ होतात. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आणि वादी रमचं प्रवेशशुल्क ५ दिनार. म्हणजे सुटं घेतलं तर ९५, पासने ७०. पास घेतल्यापासून वर्षभर चालतो, पण पहिल्यांदा वापरल्यावर दोनच आठवडे. त्याचा क्यूआर कोड कागदावर छापून ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

विम्याने मात्र वेळ खाल्ला. साध्या प्रवास-विम्यात घोडेस्वारी बहुधा साहसी खेळांत मोडते आणि वगळलेली असते. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणतात, पण पॉलिसीच्या मजकुरात ते नसतं. आम्ही अनेक दिवसांची, वाटाड्यासोबतची घोडेस्वारी यात धरली आहे आणि दुर्गम जागेतून रुग्णालयात हलवण्याचा खर्चही आहे, असं मेलवर उत्तर मिळेपर्यंत पैसे भरले नाहीत. याला दोन आठवडे गेले.

दोन वस्तू घरीच ठेवाव्यात. ड्रोन: जॉर्डनमध्ये परवान्याशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच काढून घेतात. दुसरी, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन. वाळवंटात ते हवंसं वाटतं, पण भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि भारतीय विमानतळांवर सामान तपासताना असं यंत्र सापडून पर्यटकांना अटक झाल्याच्या घटना आहेत.

तयारीचे तीन महिने हातात असतील तर ते कारणी लावा. घोडेस्वारीच्या क्लबमधला तास पाऊण तासात संपतो. इथे दिवसाला पाच-सहा तास खोगिरावर काढायचे असतात. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. दुडकीत घोड्याच्या चालीबरोबर उठबस करणं, रिकिबीत उभं राहून कमरेतून किंचित पुढे झुकलेल्या स्थितीत काही मिनिटं टिकणं, आणि एका लगामाने घोड्याला गोल वळवत थांबवणं. वाळवंटात कुंपण नसतं. उधळलेला घोडा दोन्ही लगाम खेचून थांबत नाही, उलट मान ताणून आणखी जोर करतो. एका बाजूला वळवत लहान होत जाणाऱ्या वर्तुळात घेतला की त्याचा वेग आपोआप मोडतो. जमिनीवरून, उंचवट्याचा आधार न घेता चढण्याचा सरावही करा, दोन्ही बाजूंनी.

हेल्मेट स्वतःचं न्या. घोडेस्वारीसाठी प्रमाणित असावं, सायकलचं चालत नाही, कारण त्याची रचना वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी केलेली असते. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजावं. बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर टाच हवी आणि तळवा सपाट हवा. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि ट्रेकिंगच्या बुटाचा जाड खाचांचा तळवा रिकिबीत अडकतो. दोन्ही प्रकारांत पडलेला माणूस फरफटत जाऊ शकतो. पँट आतल्या बाजूला शिवण नसलेली, पोटऱ्यांना चामड्याचे हाफ चॅप्स, बोटांना हातमोजे, डोक्या-तोंडाला गुंडाळायला सुती शेमाग. चष्म्याला दोरी. शर्ट पूर्ण बाह्यांचे आणि सैल. उन्हासाठी तेच बरे आणि गावातून जाताना तेच शोभतात. बायकांनी घट्ट स्पोर्ट्स ब्रा नक्की न्यावी, आणि पाळीची सोय हाताशी ठेवावी, कारण मध्ये दुकान नाही आणि वापरलेलं सगळं पिशवीत भरून परत आणायचं असतं.

अम्मानच्या विमानतळावर व्हिसाच्या खिडकीशी पास दाखवला, शिक्का मिळाला, रांगेसकट तासभर गेला. जॉर्डनमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, तेव्हा बँकेचं काम गुरुवारपर्यंत उरका. भारतातून डॉलर नेऊन तिथे दिनार घेणं सोपं. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एका दिनारला सुमारे १.४१ डॉलर, त्यामुळे भावात फारशी घासाघीस नसते. सफरीची उरलेली रक्कम आणि बक्षिसीचे पैसे अम्मानला किंवा अकाबातच रोख काढून घ्या.

वादी रमच्या पर्यटक केंद्रावर पास पुन्हा दाखवून नोंद होते. तिथून गाव सात किलोमीटर आत. गावातली बहुतेक कुटुंबं झलाबिया या बदाऊन जमातीची आहेत, आणि वाटाडे, चालक, आचारी त्यांच्यातलेच. संध्याकाळी जबाबदारीच्या कागदावर सह्या झाल्या. घाईत सही करू नका. रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरचा संपर्क क्रमांक स्पष्ट लिहा.

मग घोडे वाटले गेले. इथे आपला अनुभव आहे तेवढाच सांगावा. फुगवून सांगितलं की तिखट घोडा वाट्याला येतो आणि आठवडाभर हात भरून येतात. वाटाड्यासमोर चाल, दुडकी आणि दोन्ही बाजूंना एकेक वळण करून दाखवायची संधी मागा. जोडी जमत नसेल तर तेव्हाच बोला, दुसऱ्या दिवशी जीप पुढे गेलेली असते. घोडा हाती आला की त्याच्या पाठीवरून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत न्या. पाठ दुखत असेल तर तो दबतो, कान मागे घेतो किंवा कातडी थरथरवतो. तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, बसतो तिथले केस गेले आहेत का, तेही बघा.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोगीर चढवणं वाटाड्याने प्रत्येकाकडून करवून घेतलं. आधी खरारा, केसांच्या दिशेने, आणि तंगाच्या पट्ट्यातली वाळू बोटांनी चाचपून काढायची. मग खोगिराखालचं कापड खांद्यावर जरा पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. खोगीर ठेवल्यावर कापडाचा मधला भाग वर, खोगिराच्या पोकळीत ओढून घ्यायचा. हे राहिलं तर कापड दिवसभर मणक्यावर ताणलं जातं आणि संध्याकाळी तिथे सूज दिसते. तंग एकदम आवळायचा नाही, दोन्ही बाजूंनी एकेक भोक. शेवटी पुढचे पाय एकेक करून गुडघ्यातून उचलून पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. खोगीर चढवताना घोडे पोट फुगवून धरतात. त्यामुळे निघाल्यावर पंधरा मिनिटांनी उतरून तंग पुन्हा तपासायचा. हमखास दोन भोकं सैल निघतो. हे टाळलं की पहिल्याच उतारावर खोगीर बाजूला फिरतं.

स्वारीचा पहिला दिवस सौम्य ठेवतात. गावामागच्या नबातियन, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या लोकांच्या, देवळाच्या अवशेषांवरून जबल रमच्या कड्याच्या पायथ्याने दक्षिणेकडे. कड्यावर हिरवळीचे पुंजके एका ठराविक उंचीवर दिसत राहतात. वरचा वालुकाश्म पाणी शोषतो आणि खालचा ग्रॅनाइट ते अडवतो, म्हणून दोन्ही दगड भेटतात त्या रेषेवर झरे फुटतात. या मुलखात माणसं आणि जनावरं टिकली ती याच रेषेच्या आधाराने. पुढे खजाली खिंड लागते. आत कातळावर थमुदी या प्राचीन अरबी लिपीतले लेख, माणसांच्या आकृत्या आणि पावलं कोरलेली आहेत. खिंड अरुंद आहे, घोडे बाहेरच थांबतात. अशा वेळी घोडा लगामाने बांधू नका. दचकून मागे हटला तर तोंड फाटतं. लगामाच्या आत तोंडावर मोरखी, म्हणजे लोखंडी कडीशिवायची दोराची सरी, असते, तिच्या दोराने बांधायचा.

साडेअकरा ते तीन सक्तीची विश्रांती. सावलीत खोगिरं उतरतात, घोड्यांना पाणी, सुका चारा आणि जव मिळतात. घोडा अशा हवेत दिवसाला ३० ते ५० लीटर पाणी पितो. आठ घोडे म्हटले की जवळजवळ ४०० लीटर. जीप कशासाठी लागते ते इथे कळतं. जव टोपलीत किंवा तोबऱ्यात देतात, जमिनीवर ओतत नाहीत. वाळूबरोबर खाल्लेलं धान्य आतड्यात साचतं आणि पोटशूळ उठतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, सारखा कुशीकडे वळून बघतोय, खाणं सोडलंय, लीद टाकलेली नाही, यांतलं काहीही दिसलं तर तत्काळ वाटाड्याला सांगा. ‘उगाच बोलायचं कशाला’ असा संकोच इथे घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

उकरण्याचा दुसराही अर्थ असतो. थांबलेला घोडा मऊ वाळू उकरू लागला आणि गुडघे वाकवू लागला तर तो लोळायच्या बेतात आहे, खोगीर आणि तुमच्यासकट. त्याच क्षणी टाच देऊन पुढे काढा. संध्याकाळी खोगीर उतरल्यावर त्याला मनसोक्त लोळू द्यायचं. घाम सुकवण्याची त्याची ती पद्धत आहे, आणि ते बघायला फार सुंदर दिसतं.

रात्रीचं जेवण झर्ब, म्हणजे वाळूत पुरलेल्या भट्टीत मजल्यामजल्यांच्या जाळीवर शिजवलेलं मांस, बटाटे, गाजर, कांदे. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि तिथे पोचल्यावर पुन्हा सांगा. भाज्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ठेवायला लावा, नाहीतर मांसाची चरबी त्यांच्यावर ठिबकते. सोबत भात, हुम्मुस, पोळीसारखा श्राक आणि गोड चहा असतोच. झोप उघड्यावर. ऑक्टोबरअखेर दुपारी पारा तिशीला टेकतो आणि पहाटे बराच खाली येतो, तेव्हा लोकरीची टोपी आणि एक जाड थर हवा. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचवासाठी.

स्वारीचा दुसरा दिवस सगळ्यांनाच जड जातो. मांड्यांच्या आतल्या बाजू सोलवटतात, गुडघे आखडतात. सोलवटल्यावर उपाय करण्यापेक्षा निघण्यापूर्वीच तिथे पेट्रोलियम जेली लावावी, आणि लाल झालेल्या जागी चिकटपट्टी. गुडघा दुखत असेल तर रिकिबी एक भोक लांब करून बघा, बहुतेकदा आखूड रिकीबच कारण असते. तासाभराने पाच-दहा मिनिटं उतरून घोड्यासोबत चालल्याने दोघांनाही आराम मिळतो. पाणी माणशी चार-पाच लीटर, त्यात दिवसाकाठी लीटरभर ओआरएसचं. डोकं दुखणं, मळमळ आणि लघवी गडद होणं ही पाणी कमी पडल्याची खूण. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, त्यामुळे तहानेवर विसंबू नका.

उम्म फ्रूथच्या दगडी कमानीनंतर वाट दक्षिणेकडे जबल उम्म अद-दामीच्या बाजूला वळते. १,८५४ मीटर उंचीचं हे जॉर्डनमधलं सर्वोच्च शिखर. घोडे पायथ्याशी ठेवून दोन-तीन तासांत पायी वर जाऊन येता येतं, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे सौदी अरेबियाचे डोंगर दिसतात. सीमा जवळ आहे, मूळ पासपोर्ट अंगावर ठेवा. या भागात जमीन दर मैलाला बदलते, आणि प्रत्येक जमिनीला वेगळी चाल लागते. मऊ खोल वाळूत फक्त चाल, कारण तिथे पळवलं तर घोड्याच्या पायामागच्या शिरा ताणतात, आणि ती दुखापत कित्येक महिने भरत नाही. खडे मिसळलेल्या घट्ट वाळूत दुडकी किंवा कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान चाल. उघड्या कातळावर नाल घसरतो, तिथे उतरून, रिकिबी वर सरकवून, घोड्याच्या खांद्याशेजारून चालायचं. अगदी पुढे राहिलात तर घसरलेला घोडा तुमच्यावर येतो. तीव्र चढावर पुढे झुकून आयाळ धरा, लगामाला लोंबकळू नका.

आमच्यातल्या एका घोडीचा नाल याच टप्प्यात सैल झाला. चालताना टप-टप आवाजात मध्येच एक पोकळ ठोका येऊ लागतो, त्यावरून वाटाड्याने ओळखलं. हातोडी, चिमटा, कानस आणि जास्तीचे खिळे जीपमध्ये होते, अर्ध्या तासात काम झालं. ही हत्यारं सोबत असतात का, हा प्रश्नही बुकिंगच्या वेळी विचारायच्या यादीत घाला.

परतीची वाट बर्राहच्या खिंडीतून. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांचे कडे, तळाला वाळू, आणि बराच वेळ आपल्याच टापांचा आवाज. आभाळ भरलेलं असेल तर वाटाडे इथे मुक्काम करत नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालू नये. दूरवर झालेल्या पावसाचं पाणीही खिंडीत येतं. शेवटी दिसीजवळचा सपाट मातीचा माळ. वाळलेल्या चिखलाची टणक जमीन, भरधाव सोडायला हीच एक चांगली जागा. पण वाटाड्याच्या पुढे कोणीही जायचं नाही, मागच्याने पुढच्याच्या शेपटीशी घोडा भिडवायचा नाही, आणि ज्याला नको त्याने आधीच हात वर करून वेगळ्या वाटाड्यासोबत चालत यायचं. एक घोडा सुटला की बाकीचे शर्यतीला लागतात, त्यांना स्वाराची इच्छा कळत नाही. पडलात तर लगाम सोडून द्या. घोडा फार लांब जात नाही.

उतरल्यावर हिशेब. बक्षिसी वाटाड्या, आचारी आणि जीपवाला यांना वेगवेगळी, हातात द्यावी. एकाकडे दिली की वाटणीवरून अवघडलेपण येतं. निघण्याआधी घोड्याची पाठ आणि तंगाची जागा पुन्हा एकदा तपासून, काही खरचटलेलं दिसलं तर ते दाखवून द्या, म्हणजे पुढच्या गटासाठी त्याच घोड्यावर लगेच खोगीर चढत नाही. बुटांचे तळवे, चॅप्स आणि हातमोजे तिथेच ब्रशने साफ करून घ्या, आणि परत आल्यावर इथल्या घोड्यांजवळ जाण्याआधी सगळं साबणाने धुवा. घोड्यांचे काही रोग सामानावरून पसरतात.